९११ च्या टायरमधली हवा: पुढे किती, मागे किती

सरळ मुद्द्यावर येतो. माझी गाडी पोर्शे ९११, ९९६ जनरेशनची, म्हणजे १९९७ ला आलेली ती पहिली पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनची ९११. १८ इंची चाकं, पुढे २२५/४० आणि मागे २८५/३०, आणि कंपनीने थंड टायरसाठी दिलेला आकडा आहे पुढे २.५ बार, मागे ३.० बार. आपल्या पीएसआयमधे सांगायचं तर ३६ आणि ४४. हा ४४ ऐकला की पुण्यातले माझे मित्र दर वेळी विचारतात, अरे एवढी हवा? टायर फुटेल की! आणि इथे जर्मनीत, स्टुटगार्टच्या आसपास, जिथे ही गाडी जन्मली तिथेसुद्धा लोकांची मतं इतकी वेगवेगळी की विचारू नका, कोणी म्हणतं मागे २.६ बास झाले, कोणी म्हणतं कंपनीच्या आकड्याला हात लावायचा नाही, कोणी चारही चाकांत सारखीच हवा भरून मोकळा होतो. माझं यावर ठाम मत आहे आणि ते एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

माझं मत असं की मागे इंजिन असलेल्या गाडीत नुसता पुढचा आकडा किंवा नुसता मागचा आकडा बघून काही कळत नाही, बघायचा तो दोघांमधला फरक. माझ्या गाडीत तो अर्धा बार आहे. दोन्हीकडे थोडी हवा कमी केलीत तर गाडी थोडी मऊ होईल, एवढंच. पण फरक मिटवलात तर गाडीचा स्वभावच बदलतो, आणि तो बदल रोजच्या साध्या ड्रायव्हिंगमधे जाणवत नाही, नेमका नको त्या वेळी जाणवतो.

का, ते बघू. ९११ चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकलेलं असतं. माझ्या गाडीचं वजन साधारण १३२० किलो, आणि त्यातलं ढोबळ मानाने ६० टक्क्यांहून थोडं जास्त मागच्या दोन चाकांवर. म्हणजे मागचा एक टायर पुढच्या एका टायरच्या साधारण दीडपट ओझं वाहतो. आता खरी गोष्ट ही की वजन रबर उचलत नाही, आतली हवा उचलते, टायर फक्त त्या हवेला धरून ठेवतो. मागचा टायर रुंद असला तरी त्याची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत बघा (मापातला पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के), २८५ च्या ३० टक्के म्हणजे साडेआठ सेंटिमीटर, पुढची २२५ च्या ४० टक्के म्हणजे ९ सेंटिमीटर. जास्त ओझं आणि उंची उलट थोडी कमी! मग हवेचा दाब जास्त लागणार हे उघड आहे.

पण नुसतं ओझं उचलणं हा अर्धाच भाग झाला, खरी मजा वळणावर आहे. वळणावर कुठलाही टायर अगदी तो ज्या दिशेला तोंड करून असतो त्याच दिशेला जात नाही, रबर पिळलं जातं आणि चाकाची दिशा नि प्रत्यक्ष जाण्याची दिशा यात थोडासा कोन तयार होतो, त्याला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन असतोच, तो असल्याशिवाय टायरला बाजूची पकडच मिळत नाही. प्रश्न एवढाच की पुढे जास्त की मागे जास्त. पुढे जास्त असेल तर गाडी वळणातून बाहेरच्या बाजूला सरकायला बघते, तुम्ही स्टिअरिंग थोडं अजून वळवता किंवा वेग कमी करता आणि विषय संपतो, हे अंडरस्टिअर. मागे जास्त झाला तर मागचा भाग बाहेर जायला लागतो, आणि ९११ मधे मागच्या भागात इंजिन आहे! एकदा ते बाहेरच्या बाजूला निघालं की थांबवायला हात लवकर चालावे लागतात, आणि तेवढा वेळ सगळ्यांकडे नसतो.

टायरमधे हवा वाढवली की (एका मर्यादेपर्यंत) तो बाजूने कमी पिळला जातो, म्हणजे तेवढ्याच वळणाला कोन कमी लागतो. मागे जास्त हवा म्हणजे मागचं ताठ, पुढे कमी हवा म्हणजे पुढचं जरा सैल, आणि गाडी अंडरस्टिअरच्या बाजूला राहते. झालं, अर्ध्या बारच्या फरकाचं कारण एवढंच आहे. सस्पेन्शनमधे जे काम अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून डावं-उजवं चाक जोडणारा दांडा) करतो त्यातलं थोडं काम इथे हवा करते, आणि हवा तर कुणीही पेट्रोलपंपावर दोन मिनिटांत बदलू शकतो, म्हणून मला हा विषय इतका महत्त्वाचा वाटतो.

यात भर म्हणजे ॲक्सिलरेटर सोडण्याची सवय. वळणात घाबरून पाय एकदम काढला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, पुढची चाकं जास्त चावायला लागतात, आणि नेमकं तेव्हाच मागच्या टायरने ताठ राहणं गरजेचं असतं. जुन्या ९११ चालवलेल्या माणसांना हे सांगावं लागत नाही. ९९६ चं मागचं मल्टिलिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी धरलेलं) खूप सुधारलेलं आहे, १९९३ च्या ९९३ मधून, म्हणजे आधीच्या जनरेशनमधून आलेली रचना, ती बरंच सांभाळून घेते, पण भौतिकशास्त्र तेच आहे.

इतिहास बघितला की हे अजून पटतं. पहिली ९११ १९६३ ला फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९०१ नावाने दाखवली होती, मग पेजोने मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर हक्क सांगितला म्हणून ९११ झाली, ही गोष्ट सगळ्यांना माहिती असते. कमी लोकांना माहिती असतं ते हे की सुरुवातीच्या गाड्यांत पुढचा भाग इतका हलका पडत होता की कंपनीने पुढच्या बंपरच्या दोन टोकांना आतून प्रत्येकी ११ किलोची ओतीव लोखंडाची वजनं बसवली होती! स्पोर्ट्स कारमधे ग्रॅम ग्रॅम वाचवणारी माणसं, आणि त्यांना २२ किलो मुद्दाम टाकावे लागले. मग १९६९ च्या मॉडेलला व्हीलबेस ५७ मिलिमीटरने वाढवला, इंजिन होतं तिथेच ठेवून मागची चाकं मागे सरकवली, आणि एका मोठ्या बॅटरीऐवजी दोन छोट्या बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत ठेवल्या. आणि या सगळ्या काळात चारही टायर एकाच मापाचे! रस्त्यावरच्या ९११ ला मागे पुढच्यापेक्षा रुंद चाकं मिळाली ती १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ पासून, पुढे १८५/७० आणि मागे २१५/६०. तोपर्यंत पुढच्या-मागच्या टायरमधे फरक करायचा तर ड्रायव्हरच्या हातात हवा सोडून काहीच नव्हतं. म्हणून जुन्या एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनच्या ९११ ची माणसं हवेबाबत इतकी काटेकोर असतात. नंतरच्या ३.२ कॅरेरालासुद्धा पुढे २.० मागे २.५, म्हणजे आकडे वेगळे पण फरक तोच अर्धा बार.

आणि फरक न पाळल्याने काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण जर्मनीतलं नाहीच, अमेरिकेतलं आहे. शेव्हरोले कॉरव्हेर, १९६० ची गाडी, मागे हवेने थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन, मागे स्विंग ॲक्सल, म्हणजे चाकासकट वर-खाली झुलणारा अर्धा ॲक्सल. स्विंग ॲक्सलची अडचण अशी की जोरात वळताना चाक आतल्या बाजूला दुमडून गाडीचा मागचा भाग वर उचलला जाऊ शकतो. शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने यावर उपाय म्हणून मोठ्या प्रमाणात टायरच्या हवेवर भिस्त ठेवली, थंड टायरमधे पुढे १५ पीएसआय आणि मागे २६. म्हणजे ११ पीएसआयचा फरक! आता विचार करा, १९६० सालचा अमेरिकन गिऱ्हाईक, त्याला आयुष्यभर चारही चाकांत सारखी हवा भरायची सवय, पुढच्या टायरमधे १५ बघितल्यावर त्याला किंवा पंपावरच्या पोराला काय वाटणार, हवा कमी आहे, भरा. आणि भरली की गाडीचा तोल गेला. ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारा अमेरिकन वकील राल्फ नेडर याने १९६५ मधे या गाडीवर जी टीकेची झोड उठवली त्यात हा हवेचा मुद्दाही होता. १९६४ च्या मॉडेलला पुढे अँटी-रोल बार स्टँडर्ड दिला आणि १९६५ ला मागचं सस्पेन्शनच नवं केलं. न्यायाने हेही सांगायला हवं की नंतर १९७२ च्या सरकारी तपासणीत ही गाडी त्या काळच्या बाकी गाड्यांपेक्षा वाईट नाही असा निष्कर्ष निघाला. पण माझ्या दृष्टीने इंजिनिअरने सुरक्षेचं एवढं मोठं काम टायरच्या हवेवर सोडावं आणि ते गिऱ्हाइकाला ठासून सांगू नये, हे चुकीचंच होतं.

(आपल्याकडच्या लोकांसाठी जवळचं उदाहरण म्हणजे नॅनो. तिचंही इंजिन मागे, आणि तिचे टायर बघितलेत का कधी? पुढे १३५/७० आणि मागे १५५/६५, दोन्ही १२ इंची. एवढ्या स्वस्त गाडीत, जिथे एक एक रुपया वाचवला होता, तिथेसुद्धा टाटांनी दोन मापांचे टायर दिले, स्टेपनीची अडचण पत्करली, कारण मागे वजन असलं की पुढचं आणि मागचं सारखं ठेवून चालत नाही.)

आता माझी तक्रार. टायरच्या दुकानात गाडी दिली की, एका दुकानात नाही, जिथे जिथे दिली तिथे बहुतेक वेळा गाडी परत आली तेव्हा चारही चाकांत एकच आकडा. पोरं वाईट नसतात, दिवसभरात येणाऱ्या बहुतेक गाड्या पुढे इंजिनवाल्या, २.५ भरायचे आणि पुढची गाडी घ्यायची, हात त्याच आकड्यावर बसलेला असतो. पण माझ्या गाडीत मागे २.५ म्हणजे अर्धा बार कमी, आणि तेही नव्याकोऱ्या टायरवर, ज्यांच्या रबरावर अजून साच्याचा गुळगुळीतपणा आहे आणि पहिले काहीशे किलोमीटर पकड तशीच कमी असते. दोन गोष्टी एकत्र. म्हणून टायर बदलले, बॅलन्सिंग केलं, पंक्चर काढलं, काहीही केलं असलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी टायर थंड असताना आपल्या गेजने बघा. आपल्या, हा शब्द महत्त्वाचा. पंपावरच्या काट्यांत एकमेकांत ०.१-०.२ बारचा फरक सहज निघतो, आणि आपल्याला हवा असलेला फरकच मुळात ०.५ आहे! एक बरं डिजिटल गेज घ्या, हवा थोडी थोडी सोडायचं बटण असलेलं, आणि चारही चाकं कायम त्याच गेजने मोजा. गेज अगदी परिपूर्ण नसलं तरी पुढच्या-मागच्या फरकाचा हिशोब बरोबर येतो. ९९६ च्या माझ्या गाडीत प्रेशर सेन्सर नाहीत त्यामुळे हे करावंच लागतं, पण सेन्सरवाल्या नव्या गाड्यांतही मी करीन.

मग कंपनीचा आकडा खाली आणावा का? इथे मी दोन्ही बाजूंचं थोडं थोडं मानतो. २.५/३.० हा आकडा एकाच प्रसंगासाठी नाहीये, दोन माणसं, सामान, पूर्ण टाकी आणि ताशी २८० किलोमीटर या सगळ्याला पुरून उरेल असा आहे. ऑटोबानवर, म्हणजे जर्मन महामार्गावर लांब जायचं असेल, वेग मोकळा असेल तर मी तोच ठेवतो, अजिबात कमी नाही, कारण वेगात कमी हवेचा टायर सतत चेपला जाऊन आतून तापतो आणि तापणं हाच टायरचा शत्रू. पण उन्हाळ्यात ब्लॅक फॉरेस्टच्या बी५०० वर, बाडेन-बाडेनहून फ्रॉयडेनश्टाटकडे, एकटाच, रस्ता खडबडीत आणि वेग मर्यादेत, तेव्हा मी २.४ आणि २.९ ठेवतो. दोन्हीकडे सारखं कमी. गाडी खड्ड्यावर कमी उसळते, पुढची चाकं जास्त बोलतात. लोक जे करतात, म्हणजे मागचं खूप कडक वाटतं म्हणून फक्त मागची हवा २.६ वर आणतात आणि पुढे २.५ तसेच ठेवतात, ते मला मान्य नाही, आणि ज्यांना ९११ नवीन आहे त्यांनी तर हे करूच नये. आराम हवा असेल तर पुढचंही बरोबरीने खाली आणा.

लोक हे का करतात तेही समजतं, मागचे टायर मधून झिजतात आणि ते महाग आहेत. पण मागच्या टायरची झीज वाचताना सावध राहा. या गाडीत मागच्या चाकांना निगेटिव्ह कॅम्बर असतो, चाक वरून आत झुकलेलं, त्यामुळे आतली कड आधी जाते आणि ती बाहेरून दिसत नाही, खाली वाकून टॉर्च मारून बघावी लागते. मधे झीज आणि दोन्ही कडा भरलेल्या असतील तर हवा खरंच जास्त आहे. फक्त आतली कड गेली असेल तर हवेचा काही दोष नाही, अलाइनमेंट करून घ्या. मधली झीज दिसली म्हणून हवा कमी करायची, मग आतली कड अजून वेगाने जाते, हे चक्र मी बऱ्याच जणांच्या गाडीत बघितलंय.

तापमानाचं गणित सोपं आहे. १० अंश सेल्सिअसला साधारण ०.१ बार, मागच्या टायरमधे आधीच दाब जास्त असल्याने थोडं जास्तच. घरातल्या गरम गॅरेजमधे २० अंशाला ३.० भरले आणि बाहेर उणे ५ असेल तर गाडी बाहेर उभी राहून निवली की साधारण २.७ राहतात. म्हणून इथल्या हिवाळ्यात मी गाडी बाहेर काढून तासाभराने मोजतो. उन्हात एक बाजू तापलेली असेल तर डाव्या-उजव्या टायरमधेही फरक दिसतो, तो खरा नसतो, हवा सोडू नका! तसंच गाडी चालवून पंपावर पोहोचल्यावर मागे ३.३ दिसले म्हणून घाबरून ३.० वर आणू नका, थंड झाल्यावर तेच २.७ होतील. साध्या रस्त्यावर गरम टायर थंडपेक्षा ०.२ ते ०.४ बारने वर जातो तेवढं चालतं. त्याहून खूप जास्त चढत असेल तर मुळात थंड असताना हवा कमी होती असं समजायला हरकत नाही, कारण कमी हवेचा टायर जास्त चेपतो, जास्त तापतो.

डोंगरात अजून एक गंमत होते. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतं, आणि वर गेल्यावर बाहेरची हवा विरळ. इटलीच्या आल्प्समधली श्टेल्वियो खिंड २७५७ मीटरवर आहे, स्टुटगार्टच्या मानाने तिथे फक्त उंचीमुळे गेज पाव बार जास्त दाखवेल. पण वर थंडीही असते, ती उलट ओढते, त्यामुळे बरंचसं एकमेकांत जुळून जातं. वर जाऊन हवा सोडणं आणि खाली येऊन विसरणं ही मात्र वाईट जोडी, उतारावर गाडी आधीच पुढे झुकलेली असते, मागचा भाग हलका, आणि त्यात भर म्हणून मागे हवा कमी.

टाकीबद्दलही कोणी बोलत नाही. ९११ ची पेट्रोलची टाकी पुढे असते, माझ्यात ६४ लिटर, म्हणजे भरलेली आणि रिकामी यात जवळपास ४८ किलोचा फरक, आणि तो बहुतेक सगळा पुढच्या चाकांवर. टाकी तळाला गेली की पुढची बाजू उचललेली वाटते, स्टिअरिंग हलकं होतं, त्यावर कितीतरी जण हवेचा संशय घेतात. आधी टाकी भरा, मग ठरवा.

पावसात तर पुढची हवा कमी करण्याचा मोह अजिबात नको. रुंद टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबावर अवलंबून असतो, दाब कमी तर तो वेगही कमी, आणि या गाडीत पुढे वजन आधीच थोडं. ऑटोबानवर ट्रकच्या चाकोऱ्यांत साचलेल्या पाण्यात पुढची चाकं एक क्षण गप्प होतात, तो अनुभव ज्याने घेतलाय तो पावसात पूर्ण २.५ ठेवतो आणि वेग खाली आणतो.

टायर कुठला यावरही थोडं. साइडवॉलवर एन० , एन१, एन२ असा शिक्का असलेले टायर पोर्शेने स्वतः तपासून मान्य केलेले असतात, आणि कंपनीचे आकडे त्याच टायरवर ठरवलेले आहेत. दुसरा टायर लावला तर साइडवॉल मऊ किंवा कडक असू शकते, तेव्हा कंपनीच्या आकड्यापासून सुरुवात करा आणि ०.१ च्या पायरीने बदला, एका वेळी एकच ॲक्सल. आणि पुढे एका कंपनीचे, मागे दुसऱ्या कंपनीचे असं कधीच नको, सगळा हिशोबच मोडतो.

ट्रॅकवर मात्र रीत उलटी होते, तिथे थंड आकड्यापेक्षा गरम आकडा महत्त्वाचा. न्युर्बुर्गरिंगच्या जुन्या लांब ट्रॅकची, म्हणजे नॉर्डश्लाइफची एक फेरी २०.८ किलोमीटर, एवढ्या लांब फेरीत टायर भरपूर तापतात, त्यामुळे लोक आधी कमी भरून जातात आणि बाहेर आल्यावर गरम असतानाच मोजून चारही जुळवतात. मी तिथेसुद्धा गरम टायरमधे मागे पुढच्यापेक्षा जास्तच ठेवतो, ०.३ च्या खाली फरक नेत नाही, भले एखादा सेकंद जावो. आणि गरम असताना सोडलेली ती हवा घरी निघायच्या आधी परत भरायची, कारण संध्याकाळी टायर निवले की मागे २.५ सुद्धा उरत नाहीत आणि पुढे घरापर्यंत ऑटोबान असतो. पार्किंगमधे कॉम्प्रेसर नसेल तर बाहेर पडल्यावरच्या पहिल्याच पंपावर थांबतो, टायर कोमट असतात म्हणून ०.२ जास्त भरतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेज लावतो.